पहिल्या नंबराची सरळ रांग

शाळा चांगली की वाईट, हे त्या शाळेत जाऊन कधीच कळत नाही. त्यासाठी शेजारची शाळा लागते. हे सत्य ओळखून जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या शाळांची तुलना सुरू झाली. सलग दोन फेऱ्यांत शेवटच्या आलेल्या शाळेचे वर्ग पहिल्या शाळेत विलीन व्हायचे होते. (शिक्षा म्हणून नव्हे, प्रेरणा म्हणून.)

सत्यवान गुरुजींची किनाऱ्यावरची शाळा शेवटून पहिली होती. आपले वर्ग जाणार, ही धास्ती त्यांना लागली. दोष रापणीचा. रापणीचं जाळं ओढताना जो दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा गावचा रिवाज. किनाऱ्यावरून हाळी आली की वर्ग खिडकीतून जायचा. (दरवाजा समुद्राच्या उलट बाजूला आहे.)

पहिली आली होती खाडीपलीकडची शाळा. गुरुजी होडीने अभ्यासदौऱ्यावर गेले. तिथे विद्यार्थिनी एकच, सायमा. बाकीची मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जात. सायमा हजर, म्हणजे शंभर टक्के शाळा हजर. प्रार्थनेची रांग अत्यंत सरळ असल्याचा खास शेराही मिळाला होता. गुणवत्तेला अडथळा मुलांचाच, हे गुरुजींना उमगलं.

परत येताच त्यांनी शेवंतीचं दार गाठलं. तिची मुलगी भक्ती रापणीची दोरी ओढण्यात पटाईत.

"शेवंती गो, चेडवाक शाळेतसून काढ. मगे शाळा वाचतली."

"आणि ता शिकतला खंय?"

"पलीकडे. थंय पयलो नंबर आसा."

"माझा चेडू गेल्यावर तो नंबर टिकतलो, गुरुजी?"

एवढं गणित गुरुजींना येत होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी एकही नाव कमी केलं नाही, आणि शाळा रीतसर पुन्हा शेवटची आली.

दरम्यान सायमाही बसने जाऊ लागली. पलीकडच्या शाळेत गैरहजर शून्य, नापास शून्य, तक्रारी शून्य. पहिला नंबर कायम राहिला.

विलीनीकरणाच्या सकाळी गुरुजींची मुलं होडीत बसली, आणि तेवढ्यात रापणीची हाळी आली. होडी रिकामीच पलीकडे गेली. पहिल्या नंबराची शाळा पहिल्याच दिवशी शेवटची ठरली.

समितीने कारण शोधलं: मुलं. असे दोष वेळीच दूर करणाऱ्या सुजाण पालकांचे तिने जाहीर आभार मानले. वाचकहो, आभार आपलेच आहेत. मराठी शाळेसाठी आपण हळहळताहात, तेवढ्यात आपल्या फाटकापाशी पिवळी बस हॉर्न देते आहे. पोराला आधी चढवा, हळहळ नंतर पुरी करा.