विलायतेस न पोहोचलेल्या मखमली कोटाची बखर

श्री. ज्या गणरायांस एका पितांबरावर युगानुयुगे पाहात आलो, आणि "कालचंच आजही?" ऐसे पुसण्याची कोणाची छाती जाहली नाही, त्यांस आधी नमस्कार. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास. दिगंबरराजांची स्वारी विलायतेस गेली तेव्हा राजांच्या कपड्यांचे काय वर्तमान जाहले ते तिखटमीठ न लावता लिहिणे, म्हणोन आज्ञा आली. त्यास तिखट लावले नाही. मीठ चवीपुरते आहे.

राज्य ते कसे, तर दुसरा मजला, लिफ्ट बंद, गॅलरीत तुळस. राजे पेन्शन खात सुखाने नांदत होते, पण काळजात एक काटा होता. राजकन्या मैथिली हिचे लग्नात व्याही भालचंद्रराजे जरीच्या शेरवानीत मिरवत होते आणि आपले राजे अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात पंगतीत आग्रहास हिंडत होते, आणि व्याह्यांच्या मेव्हण्याने राजांस आचारी समजून म्हटले, "मामा, इकडे मठ्ठा संपलाय." आणि राजांनी, काय सांगावे, मठ्ठा आणून वाढला. ते भालचंद्रराजांनी पाहिले आणि मिशीत हसले. ते हसू राजांच्या स्वप्नात येऊ लागले. मग विलायतेहून खबर आली की राजकन्येस पुत्र जाहला, बारशास दोन्हीकडच्यांनी यावे. राजे म्हणाले, "आता बघतोच." आणि वांगी रंगाच्या मखमलीचा, सोनेरी बटणांचा, बंद गळ्याचा कोट शिवून घेतला, आणि रोज आरशासमोर उभे राहून नसलेल्या मिशीस ताव देते जाहले.

परंतु विमानवाल्यांचा वजनाचा कायदा कडक, आणि राणी कुमुदिनीबाईंनी बॅगांत आधीच फौज उतरवली होती. डिंकाचे लाडू, अळीव, भाजणी, मेतकूट, कुरडया, गोडा मसाला, आणि बाळराजांस धुरी द्यावयास लोखंडी शेगडी. राजे म्हणाले, "अगं, शेगडी कशाला? कोट कुठे ठेवू मी?" राणीसाहेब म्हणाल्या, "कोटाची धुरी देणार आहात का नातवाला?" राजे म्हणाले, "व्याह्यांसमोर माझी काही अब्रू आहे." राणीसाहेब म्हणाल्या, "ती तुम्ही मठ्ठ्यात घातली. आता मला बॅग भरू द्या." मग राजांनी स्वतः शेगडी काढली, कोट घडी करून ठेवला, आणि विजयी मुद्रेने अंघोळीस गेले. चूक ती इथे जाहली. कारण लढाई जिंकल्यावर गड सोडून अंघोळीस जाऊ नये, हे राजांस इतक्या वर्षांच्या संसारात कळले नव्हते. आणि विमानतळावर काट्याने तरीही जास्तच दाखविले, तेव्हा राणीसाहेबांनी लाडवास हात न लावता राजांचे होते नव्हते ते सदरे, दुसरी विजार आणि स्वेटर बाहेर काढून तिथेच राजांच्या अंगावर एकावर एक चढविले, आणि राजे पिंपासारखे डुलत निघाले. झडती घेणारा शिपाई पुसता जाहला, "आजोबा, आत अजून कोणी आहे का?"

मग विलायतेस पोहोचून बॅग उघडली, तो कोटाच्या जागी शेगडी. राजे पुसते जाहले, "कोट?" राणीसाहेब म्हणाल्या, "घरी, बेडरूमच्या दारामागे. हवा लागू दे त्याला जरा." आणि राजकन्या म्हणाली, "आई, इथे शेगडी पेटवली तर छतावरचा भोंगा बोंबलतो आणि बंब येतो. आणि भाजणी, लाडू, सगळं दोन गल्ल्या सोडून दुकानात मिळतं गं." राणीसाहेब म्हणाल्या, "दुकानातलं ते दुकानातलं." मग जे अंगावर आले तेवढ्यावर राजांनी कारभार हाकला. आज सदरा, उद्या त्यावर स्वेटर, परवा स्वेटरवर मुलीची ओढणी मफलर म्हणोन, आणि राणीसाहेब मानेपासून वरचाच फोटो काढून घरच्या ग्रुपवर धाडीत. तरी राजांच्या थोरल्या भगिनी वत्सलाक्का यांनी तिकडून लिहिलेच, "दिगू, विलायतेत फक्त तोंडच नेलंस का रे?"

पुढे बारशाचा दिवस उजाडला. राजांनी ठरविले की निदान धुतलेले तरी घालू, आणि सगळे खादीचे सदरे आणि लोकरी स्वेटर धुऊन वाळवायच्या यंत्रात घालून भलतेच बटण दाबले. बाहेर आले ते बाळराजांस पुढल्या वर्षी व्हावे ऐसे. राजे टॉवेलावर बसून राहिले. "मी नाही येत बाहेर. सांगा, पोट बिघडलंय." तेव्हा जावई निनादराव यांनी दार लोटून हळूच आपल्या कंपनीचा एक टी-शर्ट पुढे केला. रंग पोपटी आणि पोटावर हसरा ऑक्टोपस. "बाबा, तुमच्या मापाचा हा एकच आहे. कोणाला सांगत नाही." राजे म्हणाले, "मठ्ठा बरा होता." आणि घातला. त्यांच्या पोटावर तो ऑक्टोपस जरा जास्तच हसू लागला.

इतक्यात भालचंद्रराजे आले. भाच्याकडे मुक्काम होता, आदले दिवशी उतरले होते. लांब काळा ओव्हरकोट, गळ्यापर्यंत बटणे. राजे पाळण्याआड उभे राहिले. घरात हीटर चालू, व्याह्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा, तरी कोट काढीनात. "असू दे, असू दे, मला थंडी सोसत नाही." राजांस वाटले, आत शेरवानी आहे, ऐन वेळी काढणार. मग राजकन्येने बाळराजांस भालचंद्रराजांच्या मांडीवर देण्यास आणले, आणि विहीणबाई प्रमिलाबाई म्हणाल्या, "अहो, तान्ह्या बाळाला बटणं टोचतील. काढा तो." आणि बटणे सुटली. आत पोपटी रंग. हसरा ऑक्टोपस.

 निनादराव छताकडे पाहू लागले. बाळराजांचे दुपटे सरकले, तो कंपनीने नव्या बाळास धाडलेला इवलासा ऑक्टोपस तिथेही हसत होता. राजे पाळण्याआडून बाहेर आले. म्हणाले, "शेरवानी?" भालचंद्रराजे म्हणाले, "तिच्या जागी चकल्या आल्या. आणि पाटा." "पाटा?" "हिला वाटलं, इथे वाटण कशावर करतील." राजे त्यांच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आमच्याकडे शेगडी आहे." मग दोघेही इतके हसले की बाळराजे दचकून रडू लागले, आणि भालचंद्रराजे खाली मान घालून म्हणाले, "त्या मठ्ठ्याचं तेवढं मनावर घेऊ नका. चांगला होता."

तो तिघांचा फोटो ग्रुपवर गेला आणि लागलीच वत्सलाक्कांचे पत्र उमटले, "दोघा व्याह्यांनी ठरवून एकसारखे शिवून घेतलेत. आम्हाला विचारलं सुद्धा नाही."

येणेप्रमाणे विलायतेची स्वारी जाहली. कोट दारामागे, इस्त्री न मोडता. शेगडी परत आणली, ती पुन्हा वजनात बसली, राजांचे कपडे बसले नाहीत. जय लाडवांचा जाहला. इतकेच.