दामलेकाकांचं लाल-केशरी स्टेडियम

दामलेकाका केचपच्या बाटलीने चित्रं काढतात. बाटलीत अर्थातच रंग असतो. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लावायचा, आवाज बंद करायचा आणि कोणी कोणाला आडवं केलं, की कॅनव्हासवर लाल पिचकारी सोडायची. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या त्यांच्या गराजमध्ये गाडीला प्रवेश नाही. मी एकदा पांढरा शर्ट घालून गेलो होतो, पुन्हा तसली चूक केली नाही.

या माणसाने उभा जन्म पुलांचे नकाशे काढले. रेषा केसभर हलली तरी त्यांना जेवण जात नसे. रिटायर झाले आणि बांध फुटला. त्यांच्या चित्रांत खेळाडू थोडे आणि अमेरिका फार: नाचो चिप्सचे डोंगर, पोट रंगवलेले आजोबा, स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर दिसलो म्हणून लाजत मुका घेणारं जोडपं.

"अरे, हा देश स्टेडियममध्ये बघायचा," काका सांगतात. "ऑफिसात इथे कोणी रडत नाही. तिथे सगळे रडतात, तेसुद्धा तिकीट काढून."

मार्चमध्ये गावच्या लायब्ररीत त्यांचं प्रदर्शन लागलं. काकांना काळजी एकच, मुक्ता येईल का? मुक्ता त्यांची मुलगी, बॉस्टनला असते. शाळेत ती सॉफ्टबॉल खेळायची. काका तिच्या एकाही मॅचला गेले नाहीत. शनिवारी नेमकं कुठल्या तरी पुलाचं काम निघायचं. आता ती फोन करते, पण कामापुरता. सर्वांत मोठं चित्र त्यांनी तिचंच काढलं होतं. पोनीटेल उडतेय, बॅट फिरतेय, मागे सगळं गाव केशरी झालंय.

मुक्ता आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, आय वॉज अ लेफ्टी."

चित्रातली मुक्ता उजव्या हाताने खेळत होती. काकांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी पाहिलंच नाही गं कधी," ते म्हणाले. "दाखवतेस? कशी उभी राहायचीस?"

ती घुटमळली. मग पर्स माझ्या हातात दिली, बूट काढले, प्रदर्शनाचं पत्रक गुंडाळून बॅटसारखं धरलं आणि गालिच्यावर डावखुरी उभी राहिली. काकांनी खुर्ची ओढली आणि अगदी समोर बसले.

तिने पत्रक फिरवलं. काका इतक्या जोरात ओरडले, की लायब्ररीतल्या बाई धावत आल्या. मुक्ता हसत होती. "वन मोअर, बाबा?" तिने विचारलं, आणि पुन्हा उभी राहिली.