बराखीतली गाडी

आमच्या शेजारच्या किसनअण्णांना कुणी 'रामराम' घातला की ते आधी मागे वळून बघतात. मागे कुणी नाही अशी खात्री झाली की मग विचारतात, "पाठवलं कुनी तुला?" माणूस आपण होऊन रामराम घालू शकतो हे त्यांना पटत नाही. दूधवाला, गॅसवाला, लाइटबिल टाकणारा, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा लग्नपत्रिका द्यायला आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं करून हेच विचारलं होतं. पुतण्या म्हणाला, "बाबांनी." अण्णा म्हणाले, "तरीच."

याला त्यांचा धंदा कारण असावा. अण्णांनी उभं आयुष्य बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केली. तिथे सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसतं. एवढी वर्षं हे केल्यावर अण्णांना उघड्यावर घडणारी कुठलीही गोष्ट खोटी वाटू लागली. पण कापडाखाली बोट दाबून दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नाही. पुढे बैलात खोड निघाली तरी तो बैल मुकाट दावणीला आणून बांधतील, कुरकुर करणार नाहीत.

तर असे हे अण्णा दोन-तीन वर्षांपूर्वी गाय आणायला म्हणून बेल्ह्याला गेले आणि टेम्पोत गाडी घालून आले. बुटकी, लांब नाकाची, बिनटपाची, दोनच माणसं बसतील अशी जुनी विलायती गाडी. कुण्या हौशी माणसाने कधीकाळी शर्यतीला पळवली असावी. आता तिचा पत्रा गंजून इतका पातळ झाला होता की बोट लावलं तर पलीकडे जाईल. भंगारवाल्याशी अण्णांनी सौदा केला तो उपरण्याखालीच. त्यामुळे किती दिले हे गावालाही कळलं नाही आणि त्यांच्या बायकोला, पार्वतीकाकूंनाही नाही. मी बघायला गेलो तेव्हा अण्णा गाडीच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "हाड चांगलं हाय. खुराक कमी पडलाय."

गाडी ठेवली कांदा साठवायच्या बराखीत. आता बराखीला वारा लागावा म्हणून चारी बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात, आणि अण्णांना तर आत कुणी बघायला नको. त्यांनी गोणपाटं शिवून सगळ्या फटी बंद केल्या, वरून ताडपत्री ओढली, दाराला दोन कुलपं घातली. झालं. गावात बातमी पसरली की किसनअण्णांना कांद्याच्या भावाची आतली खबर लागली आहे, म्हणून बराखी झाकली. बाजारात मुरलेला माणूस उगाच झाकत नाही. अर्ध्या वाडीने कांदा विकायचा थांबवला. भाव काही वर गेला नाही, कांद्याला मात्र हातभर कोंब आले. लोकांनी अण्णांना जाब विचारला तेव्हा अण्णा म्हणाले, "मी कवा काय बोललो?" आणि ते खरंच होतं.

अण्णा गाडीवर मन लावून काम करत. जुन्नर, नारायणगाव, चाकण, कुठून कुठून जुने पार्ट शोधून आणत, पत्रा घासत, रंग चढवत. इंजिन खोलून घासलेटात भिजत घालत. मंचरच्या हायवेला हॉटेल असलेले सोपानशेठ एकदा येऊन गाडी बघून गेले आणि तिच्या प्रेमातच पडले. हॉटेलपुढे उभी केली की लोक सेल्फी काढायला थांबतील, असा त्यांचा हिशोब. उपरण्याखाली हात गेले, बोटं दाबली गेली. गाडी चालू करून दाखवली की शेठनी घेऊन जायची. अण्णांचा जुनाच नियम, जनावर चालवून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही.

आणि नेमक्या त्याच सुमारास बराखीत चोऱ्या सुरू झाल्या.

आधी प्लग गेले. ते नवे आणले तर फॅनबेल्ट गेला. तो आणला तर कारबोरेटर गेला. दोन कुलपं शाबूत, गोणपाटं शाबूत, आणि पार्ट गायब. अण्णांनी सगळ्या वाडीवर संशय घेतला. सरपंचाच्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडायला लावलं. किराणावाल्याच्या वजनकाट्याखाली वाकून बघितलं. मग माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि मशीनकडे बराच वेळ टक लावून बघत राहिले.

"हे काय काय खातं?" त्यांनी विचारलं.

"कागद आणि शाई," मी म्हणालो.

"उघड."

मी उघडून दाखवलं. आत काही सापडलं नाही, तरी जाताना गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "न्हाई सापडलं म्हंजे न्हाई नेलं, असं न्हाई." मला संताप आला. गावात मला कुणी आजवर चोर म्हटलं नव्हतं. मी ठरवलं की खरा चोर आपणच पकडायचा आणि अण्णांच्या पुढ्यात उभा करायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बराखीच्या मागच्या बाजूने गेलो, गोणपाटाची शिवण जरा उसवली आणि डोळा लावला.

अण्णा गाडीत स्टिअरिंग धरून बसले होते. शेजारी पार्वतीकाकू. काकूंनी इरकल नेसलं होतं, अंबाडा घातला होता आणि मांडीवर एक गाठोडं घट्ट धरलं होतं. काकूंना वर्षभरापासून विसर पडायला लागला होता हे मला माहीत होतं. त्या अंगणातसुद्धा येत नसत, आल्या तर आपलंच घर ओळखत नसत. आणि इथे त्या अगदी ताठ, खुशीत बसल्या होत्या.

"कुठवर आलो ओ?" काकूंनी विचारलं.

"जुन्नर मागं पडलं. आता आपटाळं यील."

"खाचरात पानी हाय का?"

"हाय की. भात लई जोरात हाय औंदा."

"भाऊ असंल न्हवं घरी?"

"असंल. मी सांगावा धाडलाय." असं म्हणून अण्णांनी गाडी डावीकडे वळवली. म्हणजे स्टिअरिंग वळवलं. गाडीला हलायला इंजिनात जीव कुठे होता?

काकूंनी गाठोडं सारखं केलं तेव्हा त्यातून कारबोरेटरचं एक टोक बाहेर आलं. अण्णांनी हलक्या हाताने त्यावर फडकं ओढलं.

मी मागे सरकलो तो पत्र्याच्या डब्यावर. आवाज झाला. अण्णा बाहेर आले, मला बघून थबकले आणि सवयीने म्हणाले, "पाठवलं कुनी तुला?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "चोर म्हणालात ना काल."

अण्णा बराखीला टेकून खाली बसले. मग हळूहळू बोलले. काकूंचं माहेर घाटघरचं, आपटाळे-चावंडच्याही पलीकडचं. विसर पडायला लागल्यापासून त्या दिवसभर एकच धोशा लावायच्या, माहेरी न्या. अण्णांनी जीप करून खरंच नेलं. पण भाऊ जाऊन कैक वर्षं झाली, घर पडलं, ओळखीचं कुणी उरलं नाही. काकू तिथे उंबरा धरून रडल्या ते रात्रीपर्यंत रडल्याच. "मग एक डाव गाडी पुसताना ही आली आन् आपनहून आत बसली," अण्णा म्हणाले. "म्हनली, चला. मी म्हनलं, चल. पोचली की रडती रं. वाटंला असंस्तवर खूश असती. म्हनून पोचायचंच न्हाई."

"मग सोपानशेठना सांगा ना, गाडी द्यायची नाही म्हणून."

"बोट दाबलंय. चालू झाली की द्यावी लागंल, म्हनून मीच येकेक पार्ट काढून हिच्या गाठोड्यात ठिवतो," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाला मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो, आणि त्या घटकेला मला त्यांची फार माया आली.

पुढच्याच आठवड्यात सोपानशेठ मेकॅनिकला घेऊन आले. संध्याकाळची वेळ, काकू गाडीत बसलेल्या. शेठ चिडलेले होते. "अण्णा, दर वेळी नेमका येकेकच पार्ट कसा जातो? बाकी गाडीला कुनी हात लावंना. मला तर वाटतंय तुमीच काढून ठेवलाय. शपथ घ्या बरं."

अण्णा खांद्यावरचं उपरणं सारखं करत राहिले. त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांवर खंडीभर संशय घेतले, पण खोटी शपथ कधी घेतली नाही. मेकॅनिक इकडे तिकडे बघत काकूंपाशी गेला. "आजी, मांडीवर काय हाय?"

"भावाला न्यायचंय," काकू म्हणाल्या आणि गाठोडं छातीशी धरलं.

मेकॅनिकने हात पुढे केला, आणि मी म्हणालो, "कारबोरेटर मी नेला. भंगारात घातला." सगळे माझ्याकडे वळले. शेठ मला खूप बोलले. झेरॉक्सवाल्याची लायकी, पोरांचे संस्कार, सगळं काढलं. तसला पार्ट मिळेल तेव्हा मिळेल म्हणत पाय आपटत निघून गेले. वाडीत ती गोष्ट दिवेलागणीच्या आत पोहोचली. माझ्या बायकोने मला जेवायला वाढलं, पण ताट ठेवून सरळ आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दुकानाच्या पायरीशी आले. मागे वळून बघितलं नाही, काही विचारलं नाही. म्हणाले, "दळान आनायला जायचंय मला. तवर जरा गाडीत बस."

त्या गाडीला त्यांनी आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. मी गेलो. स्टिअरिंग धरून काकूंच्या शेजारी बसलो. समोर गोणपाट, त्याच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके आत आलेले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ड्रायव्हर बदलला याचं त्यांना काही वाटलं नाही.

"चावंड आलं का रं?" त्यांनी विचारलं.

"आलंच, काकू."

काकूंनी एका हाताने गाठोडं धरलं, दुसऱ्याने दार. "मग हळू घे बाबा. फुडं लई वळनं हायेत."

मी गाडी हळू केली.