औषधवाले तात्या

डिंभ्यात तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी खिडक्या उघडतात, मग नमस्कार करतात. मी इथल्या शाळेत नवी रुजू झाले तेव्हा या गृहस्थांनी माझ्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाले, "आता बोला बाई. हवा खेळती पायजे." तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा अंगणभर झाला. तो गोळा करायला मात्र त्यांनी काकींना, म्हणजे आपल्या बायकोला, पाठवलं.

तात्यांची सगळी नोकरी पुण्यातल्या एका इस्पितळात गेली. मृतदेह विमानाने दूर न्यायचा असला, तर तो नासू नये म्हणून त्यात फॉर्मलीन भरायचं, हे त्यांचं काम. फॉर्मलीनला ते 'औषध' म्हणतात. कुणी विचारायचा अवकाश, की सुरू! "अंडं उकडल्यावर घट्ट व्हतं का नाय? परत कच्चं व्हतं का? मांसाला तसंच बांधून टाकतं ते. लई गुणी, पण लई खुनशी. हातमोजं, चष्मा, मास्क आन् वारं, येवढं असल्याबिगर त्याच्याजवळ जायाचं नाय." हे ते भर पंगतीत सांगतात. त्यांच्या शेजारचं पान बहुधा रिकामंच असतं.

निवृत्त होऊन गावी आले तरी बाणा सुटला नाही. घरातल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. 'मीठ, खाण्याचे.' 'खोबरेल, डोक्याचे.' काकी म्हणायच्या, "मला वाचता येत न्हाई, आन् ह्यांना गप बसता येत न्हाई." कुणी थंड पेयाच्या बाटलीत फवारणीचं औषध ठेवलेलं दिसलं, की त्याची भर रस्त्यात शाळा. "राव, घरातलं कुणी तोंडाला लावंल की ही!" एकदा मी संडास धुवायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतायला निघाले होते. त्यातून विषारी वायू निघतो म्हणून तात्यांनी मला दंडाला धरून फरफटत अंगणात काढलं. आळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

गेल्या हिवाळ्यात, सकाळचा चहा ठेवता ठेवता काकी गेल्या. एकुलती लेक सुनंदा ऑस्ट्रेलियात. तिला पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. फोनवर तिचं एकच, "तात्या, मला आईला बघायचंय. थांबवा तिला."

काकींना ठेवायला मंचरहून विजेवरची थंड पेटी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळीच लाईट गेली, आणि ती कधी येईल हे कुणी सांगेना. जमलेली माणसं म्हणू लागली, "तात्या, जन्मभर लोकांची माणसं ठिवलीत. आता घरचं माणूस ठिवा की." पुण्यातला त्यांचा जुना सहकारी सामान घेऊन निघायला तयारच होता.

तात्यांनी मला जवळ बोलावलं. "बाई, हिच्या केसांजवळ नाक न्या. कसला वास येतोय सांगा."

मी वाकले. "खोबरेलाचा. चुलीच्या धुराचा. थोडा ओव्याचाही." मग न राहवून विचारलं, "तुम्हाला येत नाही?"

"कसलाच येत न्हाई. लई वरसं झाली. सुरवातीला बंद खोलीत काम, तोंडाला साधा रुमाल. तवाच नाक गेलं. हिनं मदी कवा तेल बदाललं, तेबी मला ठाव नाय." त्यांनी काकींचा पदर सारखा केला. "औषध भरलं की त्याचाच वास उरंल. पोरगी येवढ्या लांबून यायची, तिला तिची आय मिळू दे."

इतकी वर्षं आपण या माणसाला हसत होतो, याची मला लाज वाटली.

पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं. तात्यांनी धरणावरच्या मासेमारांकडून बर्फाच्या लाद्या मागवल्या. प्रत्येक लादी प्लॅस्टिकात गुंडाळण्याआधी माझ्या नाकाशी धरत होते. "मासळीचा वास नाय ना, बाई?" दोन लाद्या परत पाठवल्या. रात्रीपर्यंत तेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनंदाची जीप आली. तिने आईच्या केसांत तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ वर काढलंच नाही. तात्या तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"येतोय का गं?"

तिने मानेनेच 'हो' म्हटलं.

"मंग सांग की मला."

ती हुंदक्यांमधून एकेक वास सांगू लागली. तात्या डोळे मिटून, तिच्या प्रत्येक शब्दासरशी खोल श्वास आत ओढत राहिले.