ऑर्विल टेशचं अजून ठरलेलं नाही

ज्याने निर्णय घेतला त्याला समाज मान देतो. ज्याने घेतला नाही त्याच्या दारात समाज स्वतः येतो, आणि बूट नीट पुसून आत येतो. विस्कॉन्सिनमध्ये हे कोणाला शिकवावं लागत नाही. देशातली बहुतेक राज्यं कोणाची, हे आधीच ठाऊक असतं. तिथले लोक मत देतात ते केवळ सवयीने. आमचं राज्य मात्र कधी लाल पक्षाकडे झुकतं, कधी निळ्या पक्षाकडे. त्यामुळे चार वर्षांतून एकदा देशाला वाटतं, की आम्ही फार विचारी माणसं आहोत. आम्ही ते नाकारत नाही. (नाकारणं इथे उद्धटपणाचं समजतात.)

स्टेलर्स मिल या गावात मतदारांचे तीन प्रकार आहेत: ठरलेले, ठरलेले असून न सांगणारे, आणि ऑर्विल टेश.

ऑर्विल हा चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. मत कोणाला देणार, असं विचारणारा फोन आला तेव्हा ‘अजून ठरलं नाही’ हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला, कारण तव्यावर बटाटे करपत होते. दुसरं काही बोलला असता तर पुढचा प्रश्न आला असता. पण दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांनी या उत्तराची गंभीर दखल घेतली आणि आठवड्याभरात त्याच्या दाराची घंटा वाजली.

निळ्यांकडून आल्या बर्नाडेट, कॅलिफोर्नियातल्या निवृत्त शिक्षिका. लालांकडून आले मिस्टर क्लेबर्न. त्यांचा टेनेसीत छपरं बसवण्याचा धंदा होता. आपापल्या राज्यात आपलं मत वाया जातं, हे दुःख दोघांनाही होतं. (दुःखी माणसाला आमच्याकडे कॉफी आणि चेरीचा केक देतात.) केक खाऊन निघताना क्लेबर्नना दारातली पायरी हलताना दिसली, ती त्यांनी बसवून दिली. हे कानावर येताच बर्नाडेट शिडी घेऊन आल्या आणि त्यांनी छपराची पन्हळ साफ केली. लोकशाहीत विरोधी पक्ष का लागतो, ते ऑर्विलला त्या दिवशी समजलं.

ऑर्विल आणि मार्लिस यांची मुलं शेजारच्या इलिनॉयमध्ये राहतात. ते राज्य ठरलेलं आहे, आणि मुलं नाताळला फोन करतात.

“एवढ्यात ठरवू नकोस हं,” मार्लिस म्हणाली. “मंगळवारी बर्नाडेट यायच्या आहेत.”

“मी कधी काय ठरवलंय? लग्नसुद्धा तूच ठरवलंस.”

“म्हणून तर टिकलं.”

एप्रिलमध्ये पक्षांचे उमेदवार निवडण्याचं मतदान आलं. आमच्याकडे मतदाराला त्याचा पक्ष विचारत नाहीत; एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. एक निवडायचा, दुसरा कोरा ठेवायचा. ऑर्विलने दोन्हींत खूण केली. यंत्राने मतपत्रिका परत बाहेर टाकली. मतदान केंद्रावर त्याची चुलतबहीण आर्डिस होती.

“ऑर्विल, एकाच रकान्यात खूण करायची असते रे.”

“मग दुसऱ्याला काय वाटेल?”

“त्याला कळणारच नाही!”

“मला कळेल ना.”

“ही मतपत्रिका आहे, लग्नाची आमंत्रणं नव्हेत. घे ही नवीन.”

नवी मतपत्रिका घेऊन तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. इथेच घात झाला. रांगेत मागे शेजारचा डेल्मर उभा होता. तो चाळीस वर्षं ठरलेला असल्याने त्याच्या घंटेला गंज चढला आहे. “एवढ्या झटक्यात खूण? म्हणजे ठरलं याचं!” असं त्याने जाहीर केलं, आणि दुपारपर्यंत ते दोन्ही कचेऱ्यांत पोचलं. ऑर्विल आपला झाला की दुसऱ्याचा, याची चौकशी कोणीच केली नाही. दोन्ही परिस्थितींत पायरी बसवण्याचं कारण उरत नव्हतं.

उन्हाळाभर कोणी आलं नाही. मार्लिस सवयीने मोठा केक करायची, आणि उरलेला गोठवून ठेवायची. संध्याकाळी दोघं त्या भक्कम पायरीवर बसून रस्त्याकडे बघत.

“घंटा बिघडली असेल,” एकदा ऑर्विल म्हणाला. मार्लिस आत गेलेली असताना त्याने उठून ती दाबून पाहिली.

“आले, आले!” आतून आवाज आला, आणि मागोमाग कपबशांचा.

पुढच्या शुक्रवारी, दर शुक्रवारसारखं सारं गाव तळलेले मासे खायला जमलं असताना ऑर्विल उभा राहिला.

“मंडळी, माझं काही ठरलेलं नाही. एप्रिलमध्ये घाई झाली.”

“बस खाली, टेश!” डेल्मर ओरडला. “तरुणपणापासून एकाच पक्षाला मत देतोयस तू!”

“देतोय. पण दर वेळी शंका येऊन देतोय.”

सोमवारी क्लेबर्न आले, हत्यारांची पेटी घेऊनच. मंगळवारी बर्नाडेट. बुधवारी टीव्हीवाले आले आणि ‘राष्ट्राचा विवेक’ अशी पट्टी देऊन त्यांनी ऑर्विलला केक खाताना दाखवलं. मार्लिसने त्या आठवड्यात नवे पडदे लावले.

नोव्हेंबरमध्ये ऑर्विलने मत दिलं. या वेळी तो पडद्याआड पुरेसा वेळ थांबला. रांगेतल्या लोकांना त्याचे बूट अस्वस्थपणे हलताना दिसले. दुसऱ्या दिवशी क्लेबर्न आणि बर्नाडेट आपापल्या ठरलेल्या राज्यांत परतले. घरात पुन्हा घड्याळ ऐकू येऊ लागलं.

पंधरवड्याने घंटा वाजली. मार्लिस धावत गेली. दारात डेल्मर होता. त्याने बूट पुसले, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मग खुर्ची पुढे ओढली.

“आता तरी सांग. कोणाला दिलंस?”

“अजून ठरलं नाही.”

“अरे, देऊन झालं की!”

“दिलं ते बरोबर होतं का, हे ठरवतोय. चार वर्षं आहेत.” ऑर्विलने कॉफी ओतली. “परवा ये. मार्लिस केक करणार आहे.”

वाचकांनाही मघापासून हाच प्रश्न पडला आहे, याची कल्पना आहे. विचारायला हरकत नाही. फक्त एवढंच, की याआधी ज्यांनी तो विचारला, त्यांतल्या एकाने पायरी बसवून दिली, एकीने पन्हळ साफ केली, आणि डेल्मरसारख्या माणसानेही बूट पुसले. तुम्ही तसेच आत आलात.