तुलनेचं गाव

जगात सुधारणा झाली की नाही हे मोजायचं असेल, तर कुठेतरी सुधारणा न झालेली माणसं जपून ठेवावी लागतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माणूस मुळातच सुधारत जाणारा प्राणी आहे. जरा दुर्लक्ष झालं की कुणी पाण्याच्या माठावर झाकण ठेवतो, कुणी शहरातल्या मुलाकडून मलम मागवतो, आणि सगळी मेहनत वाया जाते. आमच्या म्बिरिमा गावानं ही जबाबदारी चोख पार पाडली. सरोवराकाठच्या आमच्या जिल्ह्यात त्याबद्दल आमचं नाव आहे. (नाव म्हणजे क्रमांक. संशोधनात गावाचं नाव छापत नाहीत. त्यानं अब्रू राहते म्हणतात.)

माझ्या लहानपणी संशोधन साधं होतं. पिकल्या दाढीचा एक डॉक्टर होडीतून यायचा, आम्हा पोरांना झोळीत घालून मासे तोलायच्या काट्याला टांगायचा, वजन मोठ्यानं म्हणायचा आणि मीठ वाटून निघून जायचा. तो जीभ बघायचा, पापणी ओढून डोळा बघायचा. आताची मंडळी टॅबलेटमध्ये बघतात. गुडघा दुखतो म्हटलं की विचारतात, "गेल्या दोन आठवड्यांत?" त्याआधीचं दुखणं धरत नाहीत. माझा गुडघा आता शहाणा झालाय. पाहणी जवळ आली की दुखतो.

मीठ गेलं आणि साबण आला. प्रत्येक मुलाखतीमागे एक वडी, आभार म्हणून. जुलाब झाले का विचारलं की साबण, ताप आला का विचारलं की साबण. आमच्या आरोग्य केंद्रात कधीकधी तापाची गोळी नसते, पण तापाबद्दल विचारलं गेलं नाही असं कधी झालेलं नाही. त्यामुळे आमच्याइतकी स्वच्छ आजारी माणसं तुम्हाला आसपास कुठे दिसणार नाहीत.

वैद्यकीय शिक्षणालाही आम्ही हातभार लावतो. दरवर्षी कॉलेजची मुलं गाडीतून येतात आणि रुग्णाला वाईट बातमी कशी द्यावी याचा सराव माझ्यावर करतात. आधी चटईवर माझ्या बरोबरीनं बसायचं, नाव विचारायचं, मग "तुम्हाला आतापर्यंत काय काय माहीत आहे?" असं विचारायचं, बातमी द्यायची, गप्प बसायचं, हातावर हात ठेवायचा. मागे प्राध्यापक गुण देत उभे असतात. मी पोटाच्या, छातीच्या आणि एकदा (मुलाचा गोंधळ झाल्यामुळे) पुरुषांनाच होणाऱ्या एका रोगानं गेलेली आहे. एक मुलगी माझं नाव विचारायला विसरली म्हणून नापास झाली. तिला दुसऱ्या दिवशी परत आणलं, तेव्हा मी तिच्यासाठी पुन्हा मेले. मुलं गुणी असतात. त्यांना वाईट बातमी देता येते हे मी शपथेवर सांगू शकते. चांगली देता येते का, हे मात्र अजून कुणी तपासलेलं नाही.

तर मुख्य गोष्ट. मोठ्या संस्थेला एक प्रश्न पडला : बाळंतपणात अडलेल्या बाईला वाहन वेळेवर मिळालं, तर ती कमी मरते का? हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे आम्हाला होतं, पण आमचं माहीत असणं कुठे छापून आलेलं नव्हतं. म्हणून ठरलं की निम्म्या गावांना मागे गादी लावलेली तीनचाकी मोटरसायकल द्यायची आणि निम्म्यांना काहीही द्यायचं नाही. कुणाला काय मिळणार हे सगळ्यांसमोर बादलीतली चिठ्ठी काढून ठरवायचं, म्हणजे अन्याय झाला असं कुणी म्हणणार नाही.

आमचा गावप्रमुख फायसन. त्याच्या जन्माच्या वेळी मी त्याच्या आईचा हात धरून बसले होते, त्यामुळे तो गावाला प्रमुख असला तरी मला फायसनच. बिचाऱ्याला आयुष्यात कधी काही लागलेलं नव्हतं, ना सोडत ना निवडणूक. प्रमुखपदसुद्धा मामाकडून आलं. त्यानं बादलीत हात घातला, चिठ्ठी काढली. ओढ्यापलीकडच्या कालिंदे गावाला गाडी लागली. आमच्या चिठ्ठीवर होतं, "तुलना".

"म्हणजे काय?" त्यानं वोंगानीला विचारलं. वोंगानी म्हणजे टॅबलेट घेऊन येणारा मुलगा, सभ्य, बुटांना नेहमी पॉलिश केलेलं.

"म्हणजे प्रमुख, तुमच्याशिवाय हा अभ्यास होऊच शकत नाही," वोंगानी म्हणाला. "तुम्ही फक्त नेहमीसारखं राहायचं. वेगळं काही करायचं नाही."

तुमच्याशिवाय होऊच शकत नाही, असं फायसनला तोवर कुणी, अगदी त्याच्या बायकोनंही, म्हटलेलं नव्हतं. त्यानं त्याच आठवड्यात तुलना समिती नेमली. नेहमीसारखं राहणं आपोआप होत नसतं, त्याला शिस्त लागते, हे समितीनं लगेच ओळखलं. सायकलवाल्या मॅक्सननं गरोदर बायकांसाठी मागच्या कॅरिअरला गवताची गादी बांधली होती, ती सोडवण्यात आली. चर्चनं दिलेलं स्ट्रेचर मोडून त्याचा कोंबड्यांचा खुराडा झाला. ओढ्यावर कुणीतरी दोन ओंडके आडवे टाकले होते, ते उचलले (पूल झाला असता). गर्भारपणात रोज अंडं खाणाऱ्या एका बाईला समज देण्यात आली. पण ती लग्नाआधीपासूनच खात होती असे साक्षीदार मिळाल्यावर अंडं नेहमीचं धरलं गेलं. वोंगानीनं हे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "प्रमुख, इतकं नको." फायसनला तो विनय वाटला.

आणि माझी नात तादाला गरोदर होती.

तिच्या कळा सकाळी सुरू झाल्या आणि उन्हं डोक्यावर आली तरी बाळ पुढे सरकेना. तिचे ओठ राखेसारखे झाले. आमच्या अंगणातून कालिंदेचं आंब्याचं झाड दिसतं आणि त्या झाडाखाली गाडी. गाडीचा चालक झाकेयो चाकं धूत होता. मी फायसनकडे गेले. तो अंजिराखाली भुईमूग सोलत बसला होता.

"फायसन, गाडी बोलाव."

"आजी, ती कालिंदेची गाडी आहे."

"ते मला माहीत आहे. इथून दिसते."

"दिसते म्हणून आपली होत नाही." त्यानं मला शेंगदाणे पुढे केले. "आजी, समजून घे. आपण नीट राहिलो तर गाडी चांगली हे सिद्ध होईल. मग ती सगळ्यांना मिळेल. आज एका तादालासाठी मोडलं, तर पुढच्या शंभर तादालांचं नुकसान."

"मग चल, तादालालाच विचारू. थांबते का बघू."

तो उठला नाही. तो निर्दय नाही. त्याचे डोळे भरले होते. "प्रार्थना सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "प्रार्थना चालते. ती दोन्ही गटांत आहे."

मी परत येताना विचार करत होते की कालिंदेची बाई म्हणजे नक्की कोण. आणि मग आठवलं, हे तर आम्हाला इतकी वर्षं पढवलेलं आहे. प्रत्येक पाहणीचा पहिला प्रश्न तोच असतो : एका हंडीतलं खाणारी माणसं कोणकोण? एक हंडी म्हणजे एक घर. माझा मुलगा जोहान्सबर्गला खाणीत आहे, टॅबलेटच्या मते तो माझा कुणी नाही. उलट बायकोनं हाकललेला शेजारचा चिपिलिरो मधे माझ्याकडे जेवायला यायचा, तर तो माझ्या घरचा पुरुष म्हणून नोंदला गेला होता आणि त्याच्या दारूचे प्रश्न मला विचारले गेले होते.

चौघीजणींनी तादालाला चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, दुपट्यात घातलं आणि ओढ्यातून नेलं. मी डोक्यावर हंडी घेऊन पुढे. झाकेयोच्या आईच्या चुलीवर ती टेकवली.

"आजी, मला सक्त हुकूम आहे," झाकेयो म्हणाला. "कालिंदेच्याच बायका."

"ही कालिंदेचीच आहे. ती बघ हंडी."

"कधीपासून?"

"तू बडबड करतोयस तेव्हापासून," त्याची आई म्हणाली. तिनं चुलीवरच्या न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गरम गोळा मोडला आणि तादालाच्या तोंडात घातला. नेमकी तेव्हाच कळ आली आणि तादालानं दात आवळले. म्हातारी हात झटकत म्हणाली, "खाल्लं रे बाबा. वर माझं बोटही खाल्लं. काढ गाडी."

जिल्ह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, नाळेचा वेढा गळ्याला घेऊन. जरा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं तिथली नर्स म्हणाली. हे वाक्य कुठल्याही रकान्यात बसत नसल्यामुळे कुठेही नोंदलं गेलं नाही. मुलीचं नाव म्फिका ठेवलं. म्फिका म्हणजे हंडी.

त्यानंतर आमच्या गावात एकही बाळंतपण झालं नाही. सातवा महिना लागला की बाई हंडी उचलायची आणि पलीकडे जायची. पुढे लांबलांबच्या तुलना-गावांतल्या बायकाही आपापल्या हंड्या घेऊन येऊ लागल्या. कालिंदेच्या चुली कमी पडल्या. फायसन निश्चिंत होता, कारण म्बिरिमात जो कुणी राहिला होता त्याला काहीही मिळत नव्हतं. कोण राहिला होता हे त्यानं पाहिलं नाही. (म्हातारे, पुरुष आणि मी. आमच्यात बाळंतपणातले मृत्यू फार कमी असतात.)

गाडी मात्र एकच होती. पावसाळ्यात रस्ता खचला, टायर गेले, पेट्रोल उशिरा आलं. झाकेयोच्या चुलत बहिणीला, एनेलेसला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेलेली होती. तिनं आंब्याखाली वाट पाहिली. गाडी जिच्या अंगणातली, तीच राहिली, आणि तिथेच गेली. नंतर आणखी एक गेली. त्या दोघींच्या मुलांना मी ओळखते. त्यातला एक अजून गाडीचा आवाज आला की धावत बाहेर येतो.

यथावकाश अहवाल आला. काहीही न दिलेल्या म्बिरिमात बाळंतपणात मेलेल्या बायका : शून्य. गाडी दिलेल्या कालिंदेत : दोन. दोन्ही आकडे खरे आहेत, मी स्वतः साक्ष देईन. त्यावरून विद्वानांनी अतिशय जपून निष्कर्ष काढला की वाहनाचा लाभ सिद्ध होत नाही आणि अपाय नाकारता येत नाही. मी वोंगानीला गाठून हंड्यांचं सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं, टॅबलेट वरखाली केला आणि म्हणाला, "आजी, हंडी कुठे आहे असा रकाना आहे. हंडी का हलवली असा नाही." मग साबण दिला.

सरकारला अहवाल पसंत पडला. त्यातून एक पद्धत निघाली, आता "म्बिरिमा पद्धत" असं तिचं नाव आहे (शेवटी गावाचं नाव छापलं, अब्रूची चिंता राहिली नाही म्हणून). पद्धतीचे मुख्य घटक : वाहन नाही, चालक नाही, पेट्रोल नाही. देखभालीचा खर्च नाही आणि बिघाड संभवत नाही. संपूर्ण जिल्ह्यात ती राबवायची ठरलं आहे, आणि ज्या वेगानं ती राबवली जाते आहे तसा वेग मी एवढ्या आयुष्यात सरकारी कामात पाहिलेला नाही. कॉलेजची मुलं आता ती पाहायला येतात. मी त्यांना फिरवते. इथे स्ट्रेचर नाही, इथे पूल नाही, असं दाखवते. ती वहीत लिहून घेतात. फायसनला मानपत्र मिळालं. तो ते कोंबड्यांच्या खुराड्यावर लावणार होता, मीच नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात वोंगानी आला. टॅबलेट पिशवीतच होता. तो माझ्या बरोबरीनं चटईवर बसला आणि म्हणाला, "नासिबेको आजी, तुम्हाला आतापर्यंत काय काय माहीत आहे?"

मी समजले. कॉलेजच्या मुलांचा सराव त्यानं इतकी वर्षं बाजूला उभं राहून ऐकला होता.

"सांग," म्हटलं.

"कालिंदेचीही गाडी परत नेतायत. सोमवारी."

मग तो गप्प बसला, आणि त्यानं हातावर हात ठेवला. बराच वेळ त्यानं तो काढला नाही. कॉलेजची मुलं लगेच काढतात. मी त्याला पूर्ण गुण दिले.

तादाला दारात बसून उसिपा मासळी निवडत होती. तिला पुन्हा सातवा लागलाय. म्फिका तिच्या पाठीला दुपट्यात बांधलेली होती. तिनं सगळं ऐकलं.

"आजी," ती म्हणाली, "मग आता मी कुणाच्या हंडीतलं खाऊ?"

मी संपूर्ण जिल्हा आठवून पाहिला. आता सगळ्या हंड्या सारख्याच आहेत.

हे तुम्ही लांब कुठेतरी बसून वाचत असाल, आणि म्बिरिमा पद्धत तुमच्याकडे कधी येईल असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ती ओळखणं सोपं आहे. दाराबाहेर जाऊन बघा. काहीही आलेलं नसेल, तर ती आली आहे. बादली कधी फिरली, तुमची चिठ्ठी कुणी काढली, हे आठवत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. अभ्यास तुमच्याशिवाय होऊच शकत नाही. नेहमीसारखे राहा. वेगळं काही करू नका. तुम्ही ते किती छान करता हे मला दिसतंच आहे. एवढं सगळं ऐकलंत आणि जागचे हलला नाहीत.

आभार म्हणून साबण पाठवते.