फत्तेसिंहरावांचं लांब नाव आणि काकांचा तंग कोट

"माझ्या नजरेतून निसटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय, सूनबाई!" शरच्चंद्रकाका कौमुदीच्या दारातच गरजले. बडोद्यातला एकमेव मराठी गुप्तहेर, ही ख्याती त्यांनी स्वतः आणि स्वखर्चाने पसरवली होती. आज अंगात नवाकोरा हेरकोट होता. फक्त पोटावरचं बटण लागत नव्हतं.

"शिंप्यानं कापड चोरलंय. ते प्रकरण नंतर बघू."

कौमुदीचा जीव टांगणीला लागला होता. बालवाडीचे ऑनलाइन अर्ज पाच वाजता बंद होणार होते, आणि पणजोबांवरून ठेवलेलं लेकाचं नाव, फत्तेसिंहराव, लिहिलं रे लिहिलं की पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: 'नाव फार लांब आहे.' फत्तेसिंहराव तिच्या कडेवर बसून तिचीच ओढणी चघळत होते.

बालवाडीची वेबसाइट वरच्या मजल्यावरच्या नीलने बनवलेली. तो लॅपटॉप घेऊन धावत आला होता.

"वहिनी, आईशपथ! टेबलातला नावाचा रकाना मी सकाळीच मोठा केलाय."

काकांनी जेवणाच्या टेबलाखाली वाकून पाहिलं.

"ते टेबल नाही काका, मुलांची माहिती साठते ते."

"असं होय. मग हे लांब नावांवर जळणाऱ्या आखूड नावाच्या पालकांचं कारस्थान!" तेवढ्यात त्यांना कीबोर्डवर शेव दिसली. "की तूच? भरदुपारी शेव-उसळ खाणारा माणूस निष्पाप नसतो."

"अरे काका, शांति राखो ने!"

"घाबरला की गुजराती बोलतो. नोंद घ्या, सूनबाई."

सूनबाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. "नील, नाव किती लांब चालेल हे फॉर्म टेबलालाच विचारतो ना?"

"हो, पण वेबसाइट चालू होताना एकदाच. उत्तर स्वतःजवळ ठेवतो. दर वेळी विचारत बसलं तर किती वेळ जाईल!"

कौमुदीची नजर काकांच्या पोटावर खिळली. "काका, शिंप्यानं माप कधी घेतलं?"

"लहरीपुऱ्यातला आपला जुना माणूस आहे तो! माझ्या लग्नात घेतलं होतं. परवा फोनवर म्हटलं, माप आहेच, शिवून टाक."

"आणि मधल्या काळात पोट वाढलं ते?"

"ते त्याला कोण सांगणार?"

"नील, रकाना वाढल्याचं तुझ्या वेबसाइटला तरी कोणी सांगितलं?"

नीलने कपाळावर हात मारला. वेबसाइट बंद केली, पुन्हा चालू केली. वेबसाइटने टेबलाला नव्याने माप विचारलं. कौमुदीने नाव लिहिलं, श्वास रोखून बटण दाबलं, आणि पाचच्या ठोक्याआधी हिरवी खूण उमटली.

"म्हणूनच तर मी मुद्दाम तंग कोट घालून आलो," काका म्हणाले. "पुरावा अंगावरच होता!" अभिमानाने पोट आत ओढून त्यांनी अखेर बटण लावलं आणि श्वास सोडला.

बटण तुटून उडालं ते थेट फत्तेसिंहरावांच्या मुठीत. मूठ तोंडापाशी पोचते न पोचते तोच कौमुदीने ती धरली.

त्या दिवशी रंगेहाथ सापडलेला तो एकुलता एक गुन्हेगार.